बेटावरचा बेडूक कोणत्या घरचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या अंकातल्या अंदमानच्या बेडकांवरील लेखावर बरीच पत्रे आली. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

दांडिया बाजार, बडोदे : माझ्या जुन्या यादीत अंदमानच्या एका बेडकाचे नाव ‘इंगेराना चार्ल्सडार्विनी’ असे आहे. तुमच्या लेखात तोच बेडूक ‘मिनर्व्हार्या चार्ल्सडार्विनी’ झाला. शास्त्रज्ञांना एकदाच काय ते ठरवता येत नाही का?

नावातल्या दोन शब्दांची कामे वेगळी आहेत. ‘चार्ल्सडार्विनी’ हा जातीचा शब्द. तो इंद्रनील दास यांनी १९९८ साली दिला आणि आजही तसाच आहे. बदलला तो पहिला शब्द, प्रजातीचा. हा बेडूक कोणाच्या भाऊबंदांतला, एवढेच तो शब्द सांगतो. नाते नव्याने कळले की तो बदलावाच लागतो.

दास यांनी त्याला ‘राना’ प्रजातीत ठेवले होते. त्या काळी राना म्हणजे घरातली माळ्याची खोली होती. ज्याची जागा ठरत नसे तो बेडूक तिथे जाई. पुढे राना फोडून तिच्या अनेक प्रजाती झाल्या, तेव्हा हा बेडूक ‘इंगेराना’त गेला. तो लहानसा, जंगलाच्या तळाशी राहणारा, आणि आग्नेय आशियातल्या इंगेराना बेडकांशी बाह्यरूपाने जुळणारा. २०२२ मध्ये जनुके आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर तो मिनर्व्हार्यात बसला. भाताच्या खाचरात आणि रस्त्याकडेच्या डबक्यात पावसाळ्यात किरकिर करणारे लहान बेडूक आपण पाहतो, ते या मिनर्व्हार्या प्रजातीचे. म्हणजे अंदमानच्या रानातल्या या दुर्मीळ बेडकाचे नातेवाईक आपल्या शेताच्या बांधावरच बसलेले असतात.

इतकी वर्षे हे कळले नाही, याचे कारण त्याची राहणी. खाचरातला बेडूक उथळ पाण्यात अंडी घालतो. हा मात्र पाणी साचलेल्या झाडाच्या ढोलीत शिरतो. तिथे नर-मादी आतल्या भिंतीला डोके खाली करून चिकटतात आणि पाण्याच्या वर अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडलेले भैकेर, म्हणजे टॅडपोल, खालच्या पाण्यात पडतात. हे निरीक्षण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा सवयीचा प्राणी खाचरातल्या बेडकाचा चुलतभाऊ असेल हे डोळ्यांना पटत नाही. बेटांवर हे वारंवार घडते. मोकळी जागा मिळाली की प्राणी वेगळीच राहणी धरतो, राहणीप्रमाणे शरीर बदलते आणि वर्गीकरण करणारा फसतो.

यादी दुरुस्त करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, संशोधकाचे नाव आणि साल कंसात आहे का ते पाहा. ‘राना चार्ल्सडार्विनी दास, १९९८’ असे बिनकंसाचे असेल तर ते मूळ नाव. ‘मिनर्व्हार्या चार्ल्सडार्विनी (दास, १९९८)’ असा कंस आला की जात मूळ प्रजातीतून हलवली आहे असे समजायचे. तो कंस हौसेने काढूही नका, घालूही नका. दोन, शेवटचे अक्षर. अंदमानात २०२० मध्ये वृक्षबेडकांच्या कुलातली, म्हणजे प्रजातींच्या मोठ्या गटातली, एक जात पहिल्यांदा नोंदली गेली, ‘रोहानिक्सालस व्हिटॅटस’. जुन्या पुस्तकांत ती ‘फेइहायला व्हिटॅटा’ म्हणून सापडेल. ही छपाईची चूक नव्हे. लॅटिन विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालते. फेइहायला स्त्रीलिंगी म्हणून व्हिटॅटा, रोहानिक्सालस पुल्लिंगी म्हणून व्हिटॅटस. ‘काळा घोडा, काळी घोडी’ म्हणणाऱ्याला हे जड जाऊ नये. ‘चार्ल्सडार्विनी’ मात्र विशेषण नाही. त्याचा अर्थ ‘चार्ल्स डार्विनचा’, म्हणून प्रजाती कोणतीही आली तरी ते बदलत नाही.

इंदूर : मुलगा हिंदी माध्यमात शिकतो. त्याच्या पुस्तकात ‘वंश’ आणि ‘जाति’ आहे, तुमच्या लेखात ‘प्रजाती’ आणि ‘जाती’. वर्तमानपत्रांत तर ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असेच छापतात. खरे काय?

मराठीत प्रजाती ही मोठी पायरी आणि जाती ही तिच्या आतली लहान पायरी. मराठी विश्वकोश आणि शालेय पुस्तके हेच शब्द वापरतात. गुजराती पुस्तकांतही असेच असल्यामुळे बडोद्याच्या मुलांचा गोंधळ होत नाही. हिंदीत मोठ्या पायरीला ‘वंश’ म्हणतात, आणि हिंदी वर्तमानपत्रे लहान पायरीला ‘प्रजाति’ म्हणतात. बातमी हिंदीतून मराठीत येताना शब्द तसाच उचलला जातो आणि एका जातीची प्रजाती होते. बातमीत ‘नवी प्रजाती’ वाचले की नाव पाहायचे. पहिला शब्द जुनाच असेल तर सापडली ती नवी जाती. दोन्ही शब्द नवे असतील तर बातमी खरोखर मोठी आहे. पुढच्या पायऱ्या मराठीत कुल, गण, वर्ग, संघ अशा. सगळे बेडूक एकाच गणात येतात, त्यामुळे त्यांचा खरा वाद कुल, प्रजाती आणि जाती या तीन पायऱ्यांवरच होतो.

कारेलीबाग, बडोदे : डिसेंबरमध्ये आम्ही अंदमानला जाणार आहोत. बेडकांचे फोटो काढून पाठवले तर ओळख पटेल का? काय काळजी घ्यावी?

एका फोटोवरून क्वचितच पटते. बहुतेक जण वरून एक फोटो काढतात, आणि वरून दिसणारा रंग हीच सर्वांत कमी भरवशाची खूण असते. एकाच जातीत तपकिरी, राखाडी, पाठीवर पांढरी रेघ असलेला आणि नसलेला असे सगळे नमुने मिळतात. रात्री आणि दिवसा एकाच बेडकाचा रंग वेगळा दिसतो.

उपयोगी पडतो तो बाजूने, डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा ठेवून घेतलेला फोटो. त्यात कानाचा गोल पडदा दिसतो का, तो डोळ्याच्या मानाने केवढा आहे आणि त्याच्यावरून जाणारी कातडीची घडी कशी आहे, हे कळते. मग पुढच्या पायाच्या बोटांची टोके. ती टोकदार आहेत, किंचित फुगीर आहेत की चकतीसारखी रुंद, ते पाहायचे. मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा कुठपर्यंत पोहोचतो हेही हवे. बेडूक काचेवर किंवा ओल्या पानावर बसला असेल तर खालची बाजू आयती मिळते. मोजमापासाठी शेजारी, त्याच पातळीवर, मिलिमीटरची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचे नाणे, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणे बेडकाच्या पुढे किंवा मागे पडले तर माप चुकते. वीस मिलिमीटरच्या बेडकात एका मिलिमीटरची चूक म्हणजे पाच टक्के, आणि दोन जातींतला फरक कधी कधी तेवढाच असतो.

हात लावू नका. संरक्षित जंगलात परवानगीशिवाय प्राणी पकडणे कायद्याने गुन्हा आहे, आणि बेडकाची कातडी जे लागेल ते शोषून घेते. अंदमानात प्रत्येक जण अंगाला डास पळवणारे मलम चोपडून फिरतो. तोच हात बेडकाला लागला तर त्याला अपाय होतो. बुटांचा चिखल एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे नेऊ नका. घासून, धुवून, पूर्ण वाळवून मगच पुढे जा. बेडकांची कातडी पोखरणारी बुरशी ओल्या चिखलातून पसरते.

फोटोपेक्षा आवाज मोलाचा. दिसायला सारख्या असलेल्या कित्येक जाती आधी कानाने वेगळ्या ओळखल्या गेल्या. नर ओरडतो तो आपल्याच जातीच्या मादीसाठी, त्यामुळे हाकेतला फरक मादीला कळतो तसा आपल्यालाही पकडता येतो. पोर्टो रिकोच्या कोकी बेडकाची हाक दोन सुरांची आहे. ‘को’ इतर नरांना दूर राहायला सांगतो, ‘की’ मादीला बोलावतो. बेडकाचे नावच त्यावरून पडले आहे.

मोबाइल एक-दोन मीटरवर स्थिर ठेवून किमान एक मिनिट ध्वनिमुद्रण करा. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवणारे ॲप घ्या आणि व्हॉट्सॲपवरून पाठवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आवाजी संदेश म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि वरच्या पट्टीतला तपशील गळतो. सोबत वेळ, ठिकाण, बेडूक जमिनीपासून किती उंचीवर होता, आणि हवेचे तापमान लिहा. तापमान विसरू नका. हवा गरम असली की हाकेतले ठोके जलद पडतात. २३ अंशांवर ओरडणारा आणि २८ अंशांवर ओरडणारा एकच बेडूक कागदावर दोन जातींसारखा दिसू शकतो.

डिसेंबरात हाका कमी ऐकू येतील, एवढे लक्षात ठेवून जा.

रावपुरा, बडोदे : बोटांना चकत्या असल्या की वृक्षबेडूक, असे आम्ही शिकलो. हे बरोबर आहे का?

अर्धेच. चकती हे चढण्याचे साधन आहे आणि चढायची गरज अनेक घराण्यांना पडली. फिजीपासून सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेल्या ‘कॉर्न्युफर’ प्रजातीत मोठ्या चकत्यांचे, झाडावर राहणारे बेडूकही आहेत आणि जमिनीवर बसून राहणारेही. आडनाव एकच. हे बेडूक पूर्वी पाच-सहा प्रजातींत विखुरलेले होते. २०१५ मध्ये जनुकांच्या आधारे त्यांची फेरमांडणी झाली तेव्हा फिलिपाइन्सचे ‘प्लॅटिमँटिस’मध्ये राहिले आणि पूर्वेकडच्या बेटांवरचे कॉर्न्युफरमध्ये आले.

चकतीपेक्षा आतले हाड पाहणे अधिक खात्रीचे. आशियाई वृक्षबेडकांच्या कुलात बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, एक जादा तुकडा असतो. कॉर्न्युफरमध्ये तो नसतो. पण हाही तुकडा आणखी काही कुलांत स्वतंत्रपणे आलेला आहे, म्हणून एकट्या त्यावर निकाल देता येत नाही.

हीच गत भैकेरांशिवायच्या वाढीची. कॅरिबियन बेटांवरचे ‘एल्यूथेरोडॅक्टिलस’, श्रीलंकेचे ‘स्यूडोफिलॉटस’ आणि वर सांगितलेले कॉर्न्युफर, तिघांच्याही अंड्यांतून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. पाण्यात पोहणारी अवस्थाच नाही. तिघांची कुले मात्र वेगवेगळी. ओढे-तळी कमी असलेल्या बेटावर ही सोय फायद्याची ठरते, आणि ती एकापेक्षा अधिक वेळा निर्माण झाली. श्रीलंकेचे हे बेडूक पूर्वी आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांबरोबर ‘फिलॉटस’ या एकाच प्रजातीत होते. नंतर दोन्ही फांद्या वेगळ्या असल्याचे दिसले. श्रीलंकेच्या गटाला १९४३ सालचे, वापराबाहेर पडलेले ‘स्यूडोफिलॉटस’ नाव परत मिळाले. भारतातल्या गटाला २०१० मध्ये ‘रावोर्केस्टेस’ हे नवे नाव मिळाले. त्यातला ‘राव’ म्हणजे बेडकांचे भारतीय अभ्यासक सी. आर. नारायण राव.

ग्वाल्हेर : नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस हा जांभळा बेडूक महाराष्ट्रात कुठे दिसतो? आणि त्याचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत हे कसे?

महाराष्ट्रात दिसत नाही. नावात सह्याद्री असला तरी तो दक्षिणेकडचा, केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांतला आहे. नासिका म्हणजे नाक. नाशिकशीही संबंध नाही, हा प्रश्न तीन पत्रांत आला म्हणून लिहिले.

२००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याच्यासाठी नवे कुलच करावे लागले. जनुके जुळली ती सेशेल्सच्या ‘सूग्लॉसस’च्या कुलाशी. रूपात म्हणाल तर काहीच मेळ नाही. जांभळा बेडूक फुगलेल्या पिशवीसारखा. वर्षभर जमिनीखाली राहतो, वाळवी खातो आणि पहिल्या पावसात काही दिवसच वर येतो. सेशेल्सचे चार नातेवाईक त्याच्याहून लहान, काही रानातल्या पालापाचोळ्यात राहणारे. त्यांतला गार्डिनरचा बेडूक जेमतेम एक सेंटिमीटरचा. त्याला कानाचा पडदा नाही, मधला कानही नाही, तरी तो ओरडतो आणि ऐकतो. २०१३ मध्ये दाखवले गेले की त्याच्या तोंडाची पोकळी आवाज घुमवून आतल्या कानापर्यंत पोहोचवते. कान नाही म्हणून बहिरा, असा तर्क कोणी केला असता तर तो चुकला असता.

नात्याचे उत्तर भूगर्भात आहे. फिजी किंवा हवाई ही समुद्रातून वर आलेली बेटे. सेशेल्सची मुख्य बेटे मात्र ग्रॅनाइटची, म्हणजे जुन्या खंडाचा तुटलेला तुकडा. भारत आणि सेशेल्स एकत्र होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, बडोद्याजवळचा पावागड ज्या खडकांचा झाला आहे तो हाच काळ, आणि त्याच सुमारास सेशेल्स भारतापासून सुटले. बेडूक कुठे गेले नाहीत, त्यांच्या पायाखालची जमीन गेली.

सेशेल्सच्या वृक्षबेडकाची गोष्ट उलटी. तोही फक्त तिथेच सापडतो, पण त्याचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत आणि तो समुद्र ओलांडून आलेला आहे. एकाच बेटावरचे दोन बेडूक, एक मूळचा रहिवासी आणि एक बाहेरून येऊन स्थायिक झालेला.

जांभळ्या बेडकाला स्वतंत्र कुल द्यावे की सूग्लॉससच्याच कुलात घालावे, यावर दोन मते आहेत. इथे फारसे अडू नये. नाते दोघांनाही मान्य आहे, वाद आहे तो रेघ कुठे ओढायची याचा.

सयाजीगंज, बडोदे : बेडूक खाऱ्या पाण्यात मरतो. मग तो समुद्र कसा ओलांडेल?

डार्विनलाही हे खटकले होते. मुख्य भूमीपासून दूरच्या बेटांवर बेडूक जवळजवळ नसतात, हे त्याने १८५९ मध्येच नोंदवले. हवाईत आणि न्यू कॅलेडोनियात मूळचा एकही बेडूक नाही. पण ‘जवळजवळ’ या शब्दाला अर्थ आहे. मादागास्करजवळचे मायोट हे ज्वालामुखीचे बेट कधीच कोणत्या भूमीला जोडलेले नव्हते, तरी तिथे मादागास्करच्या कुलातल्या दोन जाती आहेत. २०१९ मध्ये त्यांना नावे दिली गेली तीही साजेशी, एकाच्या नावात ‘नाविक’, दुसऱ्याच्या नावात ‘समुद्रापलीकडचा’. पुरात उन्मळलेली झाडे, मुळांत अडकलेली माती आणि वरून पडणारा पाऊस, एवढ्या सामानावर असा प्रवास होतो. लाखो वर्षांत एकदा जमला तरी पुरतो.

आता माणूस हेच काम काही दिवसांत करतो. कोकी बेडूक १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपांच्या कुंड्यांतून हवाईत पोहोचला. त्याचा आवाज जवळून ९० डेसिबलच्या आसपास असतो. घराभोवती शेकडो नर असले म्हणजे झोप कशी लागेल?

मकरपुरा, बडोदे : पहिल्या पावसानंतर विश्वामित्री नदीच्या कोतरांत दिसतो तो मोठा पिवळाधमक बेडूक अंदमानातही आहे म्हणे. बेटावरचा म्हणून ती वेगळी जात धरायची का?

नाही. तो भारतीय बैलबेडूक, ‘होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’, मुख्य भूमीवरून माणसाने नेलेला. वेगळे बेट म्हणजे वेगळी जात, हे गणित तेव्हाच चालते जेव्हा वेगळे होऊन पुरेसा काळ गेलेला असतो. इथे काही दशकेच झाली. शिवाय त्याचे भैकेर मांसाहारी असतात आणि इतर बेडकांचे भैकेर खातात, त्यामुळे अंदमानात तो डोकेदुखी आहे. पिवळ्या रंगाबद्दल एवढेच की तो प्रजननाच्या दिवसांतल्या नराचा रंग. त्याच कोतरात बसलेली मळकट हिरवी मादी त्याच जातीची.

प्रतापनगर, बडोदे, शिक्षिका : शाळेच्या प्रयोगशाळेत जुन्या बरण्यांत बेडूक आहेत. त्यांवरून डीएनए काढून जात ठरवता येईल का? आणि डीएनएत किती फरक असला की नवी जात?

बरणीत फॉर्मलिन असेल तर कठीण. फॉर्मलिन ऊतक घट्ट करते, आकार टिकवते, पण डीएनएचे तुकडे करते आणि त्याला प्रथिनांशी जखडून टाकते. म्हणून आता क्रम ठरलेला आहे. आधी यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा लहान तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवायचा, मग शरीर १० टक्के फॉर्मलिनमध्ये पक्के करायचे, धुवायचे आणि कायमचे ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचे. क्रम उलटला की नमुना दिसायला सुरेख राहतो आणि जनुकांसाठी निरुपयोगी होतो. तुमच्या बरण्यांचा खरा तोटा बहुधा दुसराच असेल, चिठ्ठी नसणे. कुठे आणि कधी मिळाला हे माहीत नसलेला बेडूक फक्त शरीररचना शिकवण्याच्या कामाचा. बरण्या उघडू नका, वाफ डोळ्यांना आणि घशाला लागते.

फरकाबद्दल : बेडकांमध्ये बहुधा ‘१६एस’ या जनुकाचा सुमारे ५०० अक्षरांचा तुकडा वाचतात. त्यात तीन टक्क्यांच्या आसपास फरक दिसला की शंका घ्यायची, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. हे जनुक फक्त आईकडून येते, त्यामुळे दोन जातींत कधीकाळी संकर झाला असेल तर ते खोटी साक्ष देते. बेटाच्या दोन टोकांचे दोनच बेडूक तपासले तर फरक मोठा दिसतो. मधल्या डोंगरांवरचे दहा तपासले की तोच फरक पायरीपायरीने वाढलेला, म्हणजे एकाच जातीतला, असे निघू शकते. म्हणून जनुके, हाक, शरीर आणि अधिवास यांतली दोन-तीन अंगे एकाच बाजूने बोलली तरच नवे नाव द्यावे. केवळ टक्क्यांवर दिलेली नावे पुढे मागे घ्यावी लागतात, आणि मग दांडिया बाजारच्या वाचकांसारखे यादी धरून बसलेले लोक आम्हाला बोल लावतात.

अलकापुरी, बडोदे, इयत्ता आठवी : जगातला सर्वांत छोटा बेडूक बेटावरचाच ना?

२०१२ मध्ये पापुआ न्यू गिनीतून वर्णन झालेला ‘पिडोफ्रायनी अमाउएन्सिस’ सरासरी ७.७ मिलिमीटरचा, आणि बरीच वर्षे तोच पहिला होता. २०२४ मध्ये ब्राझीलच्या ‘ब्रॅकिसेफॅलस प्युलेक्स’ची मोजमापे आली आणि मान त्याच्याकडे गेला. त्यातला सर्वांत लहान प्रौढ नर ६.४५ मिलिमीटरचा. तो मुख्य भूमीवरचा आहे. ही दोन्ही वेगवेगळी कुले आहेत, तेव्हा वहीत दोघांना एका गटात लिहू नकोस.